शोधनीची परंपरा आणि संशोधनलेखाची सिद्धता

‘शोधनी’ हा शब्द महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकास नवा नाही. एका ग्रंथाच्या अनेक प्रती समोर ठेवाव्या, पाठ पारखावे, लेखकांची स्खलने दूर करावी आणि जाणत्यांच्या संमतीने शुद्ध प्रत सिद्ध करावी, या परिश्रमास पंथाने शोधनी हे नाव दिले. विद्यापीठीय जगात ज्यास संशोधनलेख म्हणतात, त्याच्या मुळाशीही हीच वृत्ती आहे. लेखकाने काही विधान करावे, त्याचा आधार दाखवावा, तो आधार तज्ज्ञांनी तपासावा आणि मगच ते विधान छापले जावे, असा तेथील दंडक आहे.

असे असूनही आश्रमांतून पोथ्यांविषयी जे ज्ञान मुखपरंपरेने नांदते, त्याचा फार थोडा अंश संशोधनपत्रिकांपर्यंत पोहोचतो. सकळ लिपीचा उलगडा पंथाबाहेरील अभ्यासकांना झाला, तो विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या प्रयत्नाने. पुढे ह. ना. नेने, य. खु. देशपांडे, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांनी ग्रंथसंपादनाचे मोठे कार्य केले. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या पत्रिकेत आय. एम. पी. रेसाइड यांनी १९६० साली महानुभाव ग्रंथांची सूची, १९७० साली सकळ लिपीवरील लेख व १९७६ साली पंथाविषयीचा लेख प्रसिद्ध केला. ॲन फेल्डहाउस यांचा सूत्रपाठावरील ग्रंथ १९८३ साली निघाला. या सर्वांचे ऋण मोठे आहे. परंतु ज्यांच्या घरी पोथी आहे व ज्यांच्या कंठी पाठ आहे, त्यांनी मौन धरले तर पंथाविषयीचा लिखित निर्णय दुसऱ्यांच्याच हातून होत राहील, आणि त्यात चूक राहिल्यास ती दुरुस्त करावयास साधार शब्द उपलब्ध असणार नाही. याकरिता संशोधनलेख कसा सिद्ध करावा व पत्रिकेकडे कसा धाडावा, याचा विचार येथे क्रमाने केला आहे.

म्हाइंभटांची रीत

श्रीनागदेवाचार्यांच्या सान्निध्यात ऋद्धिपूर येथे म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपास, लीळाचरित्र सिद्ध केले. ते स्वतः मोठे विद्वान होते. केवळ पांडित्याच्या बळावर चरित्र रचणे त्यांना कठीण नव्हते. तथापि त्यांनी तसे केले नाही. आचार्यांच्या मुखातून लीळा ऐकल्या, आणि ज्या प्रसंगी जे भक्तजन सन्निध होते त्यांच्याकडे जाऊन त्या पडताळून घेतल्या. जेथे दोघांचे स्मरण भिन्न पडले, तेथे अमुकाची वासना म्हणून ते भिन्न स्मरणही पोथ्यांतून नोंदलेले आढळते. मूळ पोथी परचक्रात नष्ट झाल्यावर लीळा ज्यांच्या मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणावरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, व त्यातूनच निरनिराळे पाठ आणि शोधन्या निर्माण झाल्या.

या रीतीत तीन गोष्टी आहेत. विधानास साक्षी असावा, साक्षीचे नाव सांगावे, आणि विरोधी साक्ष दडवू नये. संशोधनपत्रिकेचा संपादक लेखाकडून याहून वेगळे काही मागत नाही.

विषयाचा संकोच

नवोदित अभ्यासकाचा पहिला दोष म्हणजे विषयाचा अतिविस्तार. ‘महानुभाव पंथाचे तत्त्वज्ञान’ हा ग्रंथाचा विषय होय, लेखाचा नव्हे. लेखास एकच प्रश्न असावा व त्याचे एकच उत्तर असावे. उदाहरणार्थ, एखाद्या आश्रमात सूत्रपाठाची जुनी पोथी आहे, तिच्या पुष्पिकेत शकाचा उल्लेख आहे, आणि एका सूत्राचा पाठ मुद्रित आवृत्तीहून भिन्न आहे. एवढाच विषय घेतला, तरी तो एका लेखास पुरेसा आहे. हा पाठ कोणता, तो अन्य प्रतींत मिळतो काय, प्रकरणवशाशी तो जुळतो काय आणि त्याने अर्थात कोणता फरक पडतो, या चार अंगांनी विचार केला की लेखाचा सांगाडा उभा राहतो.

मांडणीसाठी दृष्टांतपाठाची घडण ध्यानी धरावी. त्यात प्रथम सूत्र, नंतर दृष्टांत व शेवटी दार्ष्टांतिक येते. लेखातही प्रथम प्रतिपाद्य, मग त्याचा पुरावा व अखेरीस पुराव्याचा प्रतिपाद्याशी संबंध दाखवावा. पुष्कळ लेखांत पुरावा असतो, परंतु दार्ष्टांतिक नसते. वाचकाने संबंध स्वतः जोडून घ्यावा अशी लेखकाची अपेक्षा असते. परीक्षक नेमके तेथेच बोट ठेवतो.

पोथीचे वर्णन

पोथीवर आधारलेल्या लेखात पोथीचा परिचय काटेकोर असावा. पत्रांची संख्या, लांबीरुंदी सेंटिमीटरमध्ये, प्रतिपृष्ठी ओळी, लिपी, त्रुटित पत्रे, समासातील टिपणे, पुष्पिकेतील लेखकाचे नाव व काल हे सर्व नोंदवावे. पुष्पिका जशी आहे तशी उतरावी. अशुद्ध वाटले तरी मूळ अक्षर बदलू नये, आपली दुरुस्ती कंसात निराळी द्यावी.

काल पडताळण्याची एक सोपी कसोटी आहे. शकात ७८ मिळविले असता सामान्यतः इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या सुमारे तीन महिन्यांसाठी मात्र ७९ मिळवावे लागतात. संवत्सराचे नाव दिले असल्यास शकात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी उरेल ती प्रभवापासून मोजलेल्या संवत्सराची संख्या होय, आणि बाकी शून्य आल्यास साठावा क्षय संवत्सर समजावा. शके १५०० घेतला तर बेरीज १५१२ होते, भागाकारानंतर बाकी १२ उरते, आणि बारावा संवत्सर बहुधान्य आहे. पुष्पिकेत शके १५०० व बहुधान्य हे दोन्ही असतील तर मेळ बसला. एका वर्षाचा फरक आढळल्यास गत व वर्तमान शकाचा भेद असू शकतो. फरक मोठा असल्यास सावध व्हावे. शिवाय मेळ बसला म्हणून पोथी त्या वर्षीचीच ठरत नाही, कारण नकल करणारा कित्येकदा जुन्या प्रतीची पुष्पिकाही उतरून घेतो. कागद, शाई व अक्षराचे वळण यांची साक्ष काढूनच निर्णय द्यावा.

संमती आणि मर्यादा

पोथी ज्या आश्रमाची अथवा ज्या कुटुंबाची असेल, त्यांची लेखी संमती प्रथम घ्यावी. छायाचित्रे छापावयाची असल्यास तसा स्पष्ट उल्लेख संमतिपत्रात असावा. येथे पंथीय लेखकापुढे एक खरा पेच उभा राहतो. काही पोथ्या व काही निरूपण अनुपदेशी जनांपुढे मांडू नये, अशी धारणा अनेक ठिकाणी आहे. तिचा मान राखलाच पाहिजे. परंतु जे दाखविता येत नाही, त्यावर लेखाचा निष्कर्षही उभारता येत नाही. ‘पुरावा आहे, पण सांगता येत नाही’ असे वाक्य संशोधनलेखात चालत नाही. अशा वेळी तो विषयच बाजूस ठेवावा आणि ज्यास अधिकारी महंतांची संमती आहे, तेवढ्यावरच लिहावे.

श्रद्धेची भाषा व पुराव्याची भाषा

सर्वज्ञांचा उल्लेख पंथात ज्या आदराने होतो, तो संशोधनपत्रिकेत तसाच ठेवावा काय, ही शंका अनेकांना लेखनापासून परावृत्त करते. यावर केशिराजबासांचे उदाहरण बोधप्रद आहे. सूत्रपाठ सिद्ध करताना त्यांनी श्रीमुखीची वचने निवडून एकत्र केली. आपल्या भक्तीचे अलंकरण त्यात घातले नाही. म्हणून त्यांची भक्ती उणी झाली असे कोणी म्हणत नाही. संयम हाही आदराचाच प्रकार आहे. पत्रिकेच्या रूढीप्रमाणे ‘श्रीचक्रधर’ एवढाच निर्देश केल्याने निष्ठेस बाध येत नाही.

महत्त्व याचे आहे की, विधानांचे प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. प्रतीत प्रत्यक्ष पाहिले ते ‘या प्रतीत असे आहे’ म्हणून सांगावे. मुखपरंपरेने ऐकले ते ‘अशी परंपरा आहे’ म्हणून सांगावे. स्वतः तर्काने काढले ते ‘असे अनुमान होते’ म्हणून सांगावे. या तिहींचा विवेक राखणाऱ्या लेखकाची श्रद्धा कोणी आड आणत नाही. विवेक सुटला की खरे विधानही संशयित ठरते.

भाषेविषयीही संकोच नसावा. सामान्य जन वंचित होऊ नयेत म्हणून मराठीचा आग्रह धरणाऱ्या नागदेवाचार्यांचा हा पंथ आहे. मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठी पत्रिकेतील साधार लेख कोणत्याही दृष्टीने उणा नाही. मात्र त्यास इंग्रजी सारांश जोडल्यास परप्रांतीय व परदेशी अभ्यासकांसही तो सापडतो.

पत्रिकेची निवड

पत्रिकेचे मागील दोन-तीन अंक वाचल्यावाचून लेख पाठवू नये. तिचा विषय, लेखाची शब्दमर्यादा, संदर्भ देण्याची पद्धत व परीक्षणाची रीत जाणून घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली मान्य पत्रिकांची ‘केअर’ सूची करण्याचे ठरविले होते, परंतु २०२५ साली ती बंद केली. आता पारख करण्याचा भार संस्थांवर व लेखकांवर आहे. पैसे भरताच आठवड्यात लेख छापण्याचे आश्वासन देणाऱ्या, नामवंतांची नावे त्यांच्या नकळत संपादक मंडळात घालणाऱ्या पत्रिका पुष्कळ आहेत. आठ अंकी आयएसएसएन क्रमांक असणे ही केवळ नोंद होय, गुणवत्तेची ग्वाही नव्हे. तसेच एक लेख एका वेळी एकाच पत्रिकेकडे पाठवावा. नकार आल्यावर, अथवा लेख रीतसर परत मागितल्यावरच तो अन्यत्र धाडावा.

लेखाची अंतिम प्रत

लेख युनिकोड अक्षरांत टंकित करावा, कारण जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर अनेकदा निरर्थक चिन्हांत बदलतो. सुमारे दोनशे शब्दांचा सारांश व पाच-सहा बीजशब्द जोडावे. सारांशात प्रश्न, साधने व निष्कर्ष ही तिन्ही यावी. प्रत्येक अवतरण मूळाशी पुन्हा ताडून पाहावे. दुसऱ्याचे शब्द अथवा दुसऱ्याचा विचार त्याच्या नावावाचून घेणे हे चौर्यच होय.

अनेक पत्रिकांत परीक्षकास लेखकाचे नाव व लेखकास परीक्षकाचे नाव कळू दिले जात नाही. अशा पत्रिकेसाठी नाव, पत्ता व ऋणनिर्देश निराळ्या पानावर द्यावे. ‘आमच्या आश्रमातील पोथी’, ‘माझे गुरुवर्य’ यांसारखे शब्दही ओळख उघड करतात, म्हणून ते परीक्षणाच्या प्रतीतून काढावे. संपादकास लिहावयाचे पत्र अर्ध्या पानाचे असावे. त्यात लेखाचे नाव, त्यातील नवा मुद्दा, आणि लेख पूर्वी प्रसिद्ध नाही व अन्यत्र विचाराधीन नाही, हे स्पष्ट सांगावे.

परीक्षकाचा अभिप्राय

अभिप्राय येण्यास काही महिने, क्वचित वर्षही लागते. स्वीकार, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती अथवा नकार, असे त्याचे चार प्रकार संभवतात. पहिल्याच वेळी विनादुरुस्ती स्वीकार हा अपवाद समजावा. दुरुस्त्या आल्यास त्यांना क्रमांक देऊन प्रत्येकीस निराळे उत्तर द्यावे. मान्य असेल ते कोणत्या पानावर कसे बदलले हे लिहावे. मान्य नसेल तेथे पुरावा द्यावा. परीक्षकास पंथीय परिभाषा ठाऊक नसल्याने आक्षेप आला असेल, तर रागावण्यापेक्षा ती संज्ञा लेखातच उलगडून सांगावी. त्या परीक्षकाप्रमाणे इतर वाचकही तेथेच अडखळले असते.

साधकास अहंकाराचा त्याग शिकवावा लागतो, आणि लेखाच्या वाट्यास आलेला आक्षेप ही त्याची एक कठोर कसोटीच आहे. आक्षेप लेखावर असतो, लेखकावर नव्हे. नकार आला तरी त्यातील योग्य सूचना स्वीकारून लेख सुधारावा व दुसऱ्या योग्य पत्रिकेकडे पाठवावा.

आश्रमांतील पोथ्यांना वाळवी, ओल व विस्मृती हे तीन शत्रू आहेत. पहिल्या दोहोंपासून कपाट व वेष्टन काही काळ रक्षण करते. तिसऱ्यापासून रक्षण करावयाचे तर पोथीतील पाठ पारखून, साधार लिहून, चार जाणत्यांच्या दृष्टीखाली घालावा लागतो. ज्या महंतांजवळ अथवा वासनिकांजवळ एखादी पुष्पिका, एखादा भिन्न पाठ किंवा एखाद्या स्थानाची निश्चित माहिती असेल, त्यांनी तेवढ्या एका मुद्द्यावर आठ-दहा पानांचा लेख सिद्ध करण्यास आरंभ करावा.