सासूबाईंच्या पानात त्रिनिदाद

माझं सासर त्रिनिदादचं. नवरा कूवाचा, मी चिपळूणची आणि आमचं घर टोरांटोच्या स्कारबरो भागात. मामंजी गेल्यानंतर सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या. घरात सगळे त्यांना ‘मा’ म्हणतात, मीही तेच म्हणते. सोबतीचं माणूस गेलेलं, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. मग प्रश्न उरला तो पानात काय वाढायचं एवढाच. तेव्हापासून मी त्यांच्या बेटाचं जेवण नेटाने शिकले.

कोकणातल्या मुलीला हे जेवण परकं वाटत नाही. नारळ, अळू, नीरफणस, तुरीचे ओले दाणे, खारवलेली मासळी हे सगळं तिथेही आहे. या ओळखीने काम सोपं होतं. पण घराच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या माणसाची भूक जवळपासच्या चवीने भागत नाही, त्याला नेमकी तीच चव लागते. हे सूत्र धरून जे हाती लागलं, ते पुढे देते.

१. आधी विचारायचं, मग पातेलं चढवायचं

कॅरिबियन जेवण म्हणून एकच एक जेवण नाही. जमैकात अॅकी आणि खारवलेला कॉड, बार्बाडोसमध्ये मक्याच्या पिठाचं कूकू आणि उडता मासा, ग्रेनडात नीरफणस आणि खारं मांस नारळाच्या दुधात आटवून केलेलं ऑइल डाऊन. ‘कॅललू’ म्हटलं की जमैकाच्या माणसाला माठाच्या जातीची पालेभाजी आठवते, त्रिनिदादच्या माणसाला अळू. त्रिनिदादमध्येही घरोघरी रीत निराळी. पेलाऊत, म्हणजे चिकन घातलेल्या तिथल्या भातात, भोपळा घालायचा की नाही, केचप घालायचा की नाही, भात मोकळा ठेवायचा की ओलसर, याबद्दल प्रत्येकाचं मत ठाम असतं.

म्हणून मी मांना त्यांच्या आईच्या स्वयंपाकाबद्दल विचारलं. रविवारी काय व्हायचं? कोण काय आणून द्यायचं? त्यांची आई भारतीय वंशाची, शेजारीण आफ्रिकन वंशाची. इकडून डाळपुरी जायची, तिकडून कॅललू यायचं. रविवारच्या पानात भात, स्ट्यू केलेलं चिकन, कॅललू आणि मॅकरोनी पाय. पेलाऊ मात्र ओलसर, चमच्यावर बसणारं हवं. छापील पाककृतीत न सापडणारी माहिती अशा गप्पांत मिळते. आणि अन्नाबद्दल बोलता बोलता माणसाला भूक लागायला सुरुवात होते, हा फायदा वेगळाच.

२. हिरवं वाटण आदल्या दिवशी करून ठेवायचं

त्रिनिदादच्या स्वयंपाकाचा जीव या वाटणात आहे. त्यात मुख्य शॅडो बेनी: लांबट, कातरलेल्या कडांची पानं, कोथिंबिरीच्याच वासाची पण कितीतरी उग्र. सोबत थाईम, कांद्याची कोवळी पात, लसूण, सेलरी आणि तिखट नसलेली पण सुगंधी अशी तिथली पिमेंटो मिरची. अगदी थोडं पाणी घालून भरड वाटायचं आणि बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवायचं. जास्तीचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं की हिवाळाभर पुरतं.

चिकन आधी लिंबाच्या रसाने चोळून धुवायचं. ही पायरी तिथे कुणी वगळत नाही. मग वाटण, मीठ, मिरी लावून रात्रभर मुरवायचं. अर्ध्या तासात काम भागतं, पण मुरलेल्या आणि न मुरलेल्या चिकनमधला फरक मांना पहिल्या घासाला कळतो. शॅडो बेनी इथल्या वेस्ट इंडियन दुकानांत मिळते. मी ती दिसली की घेते आणि त्याच दिवशी वाटते, कारण पानं फार टिकत नाहीत.

३. साखरेसमोरून हलायचं नाही

पेलाऊचा रंग आणि चव जळू लागलेल्या साखरेतून येते. किलोभर चिकनला जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे ब्राऊन साखर आणि मध्यम आच. साखर आधी विरघळते. मग कडेने बारीक बुडबुडे येतात, ते मध्यापर्यंत पसरतात आणि सगळा पाक फेसाळून वर येतो. रंग सोनेरी, मग तांबूस, मग गर्द तपकिरी. वासातला निव्वळ गोडवा जाऊन त्याला कडवट धार येते. ती धार नाकाला लागली की चिकन त्याच क्षणी आत. आणखी थोडा वेळ गेला की पाक काळा होतो आणि सगळा भात कडू. फार आधी चिकन टाकलं तर भात फिका आणि गुळमट.

चिकन पडताच पातेलं जोरात चरचरतं, साखर क्षणभर आळते आणि चिकनला सुटलेल्या पाण्यात पुन्हा विरघळते. प्रत्येक तुकड्याला रंग चढेपर्यंत परतायचं. मग वाटीभर तुरीचे दाणे, भोपळ्याच्या फोडी, धुतलेला दोन वाट्या उकडा तांदूळ, वाटीभर नारळाचं दूध आणि अडीच-तीन वाट्या पाणी. उकळी आली की झाकण लावून मंद आचेवर शिजू द्यायचं. मागे गोडवा जवळजवळ राहत नाही, राहतो तो खमंगपणा.

पिलाफची कल्पना आशियातली, साखरेत मांस रंगवण्याची रीत बेटावर आफ्रिकन वंशाच्या लोकांनी रुजवली असं मानतात. तूर मूळची भारतातली; ती आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या व्यापाराबरोबर कॅरिबियनमध्ये पोचली. या एका पातेल्यात तीन खंडांचा प्रवास आहे. मला हे माहीत झाल्यापासून पेलाऊ ढवळताना मनात आदर असतो.

४. बुडाची खरपुडी वाढायला विसरायची नाही

भात झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी जो तपकिरी थर धरतो त्याला तिथे बन-बन म्हणतात. आपल्याकडे जशी खरपुडीवर घरातली मुलं टपलेली असतात तशीच तिथेही. नॉनस्टिक भांड्यात ती नीट धरत नाही, म्हणून मी जड अॅल्युमिनियमचं ओतीव पातेलं घेतलं. बन-बन मांच्या पानात, बाजूला कोबीचं कोलस्लॉ आणि अॅव्होकाडोची फोड. पेलाऊ असंच वाढतात.

पेलाऊ डब्यात भरून नेण्याचं जेवण आहे: समुद्रकिनारी, नदीकाठी, क्रिकेटच्या मैदानात. १९७१ साली सुनील गावसकरांनी पहिल्याच मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या. त्यातल्या १२४ आणि २२० पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर, एकाच सामन्यात. मामंजी तेव्हा तरुण होते आणि स्टँडमध्ये होते. मी महाराष्ट्रातली म्हणून ती खेळी ते मला रंगवून सांगायचे आणि त्या वर्णनात डब्यातलं पेलाऊ हमखास यायचं. आता मांना पेलाऊ वाढलं की मामंजींचा विषय निघतो. मी तो बदलत नाही. त्या बोलत राहतात आणि बोलता बोलता पान संपतं.

५. मिरची आख्खी ठेवायची

तिथली हॅबनेरोच्या जातीची मिरची भयंकर तिखट, पण तिचा वास फळांसारखा गोड. ती देठासकट, न चिरता पातेल्यात वर ठेवतात आणि फुटू न देता अलगद काढून घेतात. वास उतरतो, तिखटपणा बेताचाच येतो. कालथा तिला लागू द्यायचा नाही आणि ढवळण्याआधी ती बाहेर. वयस्कर माणसाच्या पोटाला हे मानवतं. ज्याला तिखट हवं त्याच्यासाठी मिरचीचा सॉस टेबलावर असतोच.

६. अळू ओळखीचं, पण कॅललूची शिस्त वेगळी

आपल्या फदफद्यात चिंच, गूळ, डाळ, शेंगदाणे. कॅललूत यातलं काही नाही. कोवळं अळू, भेंडी, भोपळा, कांदा, लसूण, हिरवं वाटण, नारळाचं दूध आणि जमलं तर खेकडा. चिंच नसल्यामुळे घशाला खाज येऊ नये म्हणून सगळी भिस्त शिजवण्यावर. पानं कोवळी निवडायची, देठ सोलायचे आणि मंद आचेवर तीन पाव तास तरी शिजू द्यायचं. घाई करायचीच नाही.

मग घुसळणं. तिथे लाकडी रवी असते, दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची. डाळही तिनेच घोटतात. मिक्सरने कॅललू गुळगुळीत होतं आणि मांना ते आवडत नाही. रवीने अळू विरतं, भेंडीचा बुळबुळीतपणा सगळीकडे सारखा पसरतो, तरी जिभेला पानाचा स्पर्श राहतो. हे काम मी मांकडे देते. खुर्चीत बसून, मांडीवर टॉवेल घेऊन, पातेलं समोरच्या स्टुलावर ठेवून त्या रवी फिरवतात. वेग कधी वाढवायचा, कधी थांबायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या घरी आयतं जेवणारं माणूस संकोचतं. ज्या जेवणाला आपला हात लागला आहे ते जेवण त्याचं स्वतःचं होतं.

७. डाळपुरीत पुरणपोळी शोधायची नाही

३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कराराने बांधलेले पहिले भारतीय मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७ पर्यंत १,४०,०००हून अधिक माणसं अशी गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली, कलकत्त्याच्या बंदरातून निघालेली. उसाच्या मळ्यावरच्या त्यांच्या चुलींतून डाळपुरीची परंपरा आली. मांच्या आजीची आजी त्यातलीच.

डाळपुरीचं सारण पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं, आणि कोरडं. डाळ बोटात दाबली की तुटेल इतपतच शिजवायची, गाळ होऊ द्यायची नाही. पाणी पूर्ण निथळून, गार करून दळायची. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसूण, हळद, मीठ, तिखट मिरची. मैद्याची कणीक सैल भिजवून चांगली मुरवायची, सारण भरून पुन्हा थोडा वेळ ठेवायची आणि मग मोठी पोळी लाटायची. तव्यावर तेलाचा हात फिरवत भाजायची. सोबत बटाटा-छोल्यांची करी किंवा कैरीची करी. तिथे करी पावडर पाण्यात कालवून गरम तेलात सोडतात आणि पाणी आटून मसाला रवाळ होईपर्यंत परततात. त्याने पावडरचा कच्चा वास जातो.

कढीपत्त्याची फोडणी द्यावी, गोडा मसाला भुरभुरावा, असा मोह या वेळी हमखास होतो. तो आवरायचा. तो मसाला माझ्या माहेरच्या आठवणींचा आहे आणि हे पान मांचं आहे.

८. पथ्य सांभाळायचं, चव घालवायची नाही

मांना रक्तदाब आहे आणि या बेटांच्या जेवणात खारं फार. त्याला कारण आहे. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी मालक उत्तर अटलांटिकमधला हलक्या प्रतीचा खारवलेला कॉड मागवत. ज्यांच्यावर ते अन्न लादलं गेलं त्यांनीच त्याचं बलजॉल केलं: माशाचे पिंजलेले तुकडे, टोमॅटो, कांदा, मिरची, लिंबू, वर थोडं तेल. शेजारी नारळ घातलेला बेक, म्हणजे तिथली जाड भाकरी. इतक्या कष्टातून उभी राहिलेली चव ताटातून काढून टाकणं मला पटत नाही.

म्हणून कॉड रात्रभर भिजवते, पाणी बदलून दोनदा उकळते आणि वरून मीठ अजिबात घालत नाही. महिन्यातून एखाद्या सकाळी, लहान वाटीभर. प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवलेलं आहे. कॅललूत खारवलेलं डुकराचं मांस घालायची रीत आहे, तिथे मी खेकडा घालते. पेलाऊत मीठ निम्म्यावर आणून लिंबू आणि शॅडो बेनी वाढवते. जिभेला कमतरता जाणवत नाही.

९. सणाचे पदार्थ वेळेआधी धरायचे

त्रिनिदादचा नाताळ धर्म पाहत नाही, घरोघरी होतो. ब्लॅक केकसाठी मनुका, बेदाणे, प्रून, चेरी रम आणि चेरी ब्रँडीत आधी कितीतरी आठवडे भिजत घालावी लागतात. सॉरेलचं सरबत म्हणजे लाल अंबाडीची बोंडं, आलं, दालचिनी, लवंग घालून उकळायची, रात्रभर ठेवून गाळायची आणि साखर घालायची. फळं भिजत घातली की मा बरणी हलवून बघतात, दिवस मोजतात. पुढच्या काही आठवड्यांसाठी त्यांना वाट पाहायला काहीतरी मिळतं. एकट्या पडलेल्या माणसासाठी ही वाट पाहणंही जेवणाइतकंच गरजेचं आहे.

१०. शेवटचा शब्द जेवणाऱ्याचा

पाककृतीची पुस्तकं वाचावीत, दुकानदारांना विचारावं, शेजारच्या त्रिनिदादी बायकांकडून शिकावं. मी हे सगळं करते. पण पातेलं उतरवण्याआधी चमचाभर मांच्या तळहातावर देते. ‘थोडं लिंबू’ म्हणाल्या तर लिंबू, ‘अजून घोट’ म्हणाल्या तर आणखी घोटणं. मला स्वतःला काय चांगलं लागतं हा प्रश्न त्या वेळी बाजूला असतो.

प्रेमाने रांधणं म्हणजे भरपूर रांधणं, अशी आपली समजूत असते. मला वाटतं, समोरच्याच्या आठवणीला काटेकोर राहणं हे त्याहून मोठं प्रेम आहे. मा आता दोन वेळा नीट जेवतात. शनिवारी सकाळीच विचारतात, उद्या कॅललूला अळू आणलंस का? आणि मी शुक्रवारीच आणून ठेवलेलं असतं.