घटक 6 : फातिमा मेर्निसी – मुस्लिम समाजाचा समाजशास्त्रीय अभ्यास

6.0 उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस :
• फातिमा मेर्निसी यांच्या वैचारिक जडणघडणीची पार्श्वभूमी सांगता येईल.
• त्यांच्या प्रमुख ग्रंथांतील प्रतिपादन स्पष्ट करता येईल.
• धर्मग्रंथातील आदर्श आणि समाजातील प्रत्यक्ष व्यवहार यांत भेद करता येईल.
• मुलाखत या अभ्यासपद्धतीचे महत्त्व व तिच्या मर्यादा विशद करता येतील.

6.1 प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, ‘मुस्लिम समाजात स्त्रीचे स्थान काय आहे?’ असा प्रश्न आपणांस कोणी विचारला, तर त्याचे उत्तर आपण कोठे शोधाल? कोणी धर्मग्रंथ उघडेल, कोणी कायद्याचे पुस्तक पाहील, तर कोणी वर्तमानपत्रातील बातम्यांचा आधार घेईल. जिच्याविषयी हा प्रश्न आहे, त्या स्त्रीलाच जाऊन विचारावे, हे मात्र फार थोड्यांना सुचते. मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मेर्निसी (1940–2015) यांच्या कार्याचे महत्त्व नेमके येथे आहे. कोणाचे बोलणे पुरावा म्हणून ग्राह्य धरायचे, हा प्रश्न त्यांनी अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणला.

6.2 जडणघडण

मेर्निसी यांचा जन्म 1940 मध्ये फेझ या प्राचीन शहरात एका सुखवस्तू कुटुंबात झाला. मोरोक्को त्या वेळी फ्रान्सच्या संरक्षणाखाली होता. घर एकत्र कुटुंबाचे होते आणि स्त्रियांना उंबरठा ओलांडण्यावर बंधने होती. त्यांच्या आजीच्या पिढीला अक्षरओळख नव्हती. नातीला मात्र, राष्ट्रीय चळवळीतील पुढाऱ्यांनी मुलींसाठीही खुल्या केलेल्या शाळांमुळे, शिक्षणाची वाट मिळाली. एकाच घरातील दोन पिढ्यांमधील हे अंतर पुढे त्यांच्या संशोधनाचा विषय बनले. या बालपणाच्या आठवणी आणि कल्पना यांची गुंफण त्यांनी 1994 च्या ‘ड्रीम्स ऑफ ट्रेसपास’ या पुस्तकात केली आहे.

1956 मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला. मेर्निसी यांनी रबात येथे राज्यशास्त्राचे शिक्षण घेतले, पुढे पॅरिसमध्ये अध्ययन केले आणि अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठातून समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर त्या मायदेशी परतल्या आणि रबातच्या मोहम्मद पाचवे विद्यापीठात अध्यापन करू लागल्या.

स्वातंत्र्यानंतर लगेचच, 1957–58 मध्ये, तेथे ‘मुदव्वना’ ही कौटुंबिक कायद्याची संहिता लागू झाली. पतीची आज्ञा पाळणे हे या संहितेने पत्नीचे कर्तव्य ठरविले. तिचा मसुदा करणाऱ्या समितीत एकही स्त्री नव्हती. स्त्रीच्या आयुष्याचे नियम ठरले, परंतु तिचे मत घेतले गेले नाही, ही पार्श्वभूमी लक्षात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

6.3 प्रमुख संशोधनकार्य

6.3.1 अवकाशाची विभागणी

प्रबंधावर आधारित ‘बियाँड द व्हेल’ हा त्यांचा ग्रंथ 1975 मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रीला दुर्बल मानल्यामुळे तिला पडद्यात ठेवले जाते, हा सर्वसाधारण समज त्यांनी नाकारला. इमाम गझाली यांच्यासारख्या विचारवंतांच्या लेखनाच्या आधारे त्यांनी दाखविले, की पारंपरिक मुस्लिम विचारात स्त्री ही प्रभावी शक्ती मानली गेली आहे. तिच्या आकर्षणामुळे समाजाची घडी विस्कटेल, या भीतीतून घर हे स्त्रीचे आणि सार्वजनिक जग हे पुरुषांचे, अशी अवकाशाची विभागणी झाली. स्त्री शाळेत, कार्यालयात आणि रस्त्यावर दिसू लागताच या विभागणीला तडा गेला. आधुनिक मोरोक्कोमधील ताणतणावांचे मूळ त्यांना येथे आढळले. यासाठी त्यांनी स्त्रियांच्या मुलाखती आणि धार्मिक सल्ल्यासाठी नागरिकांनी पाठविलेली पत्रे अभ्यासली.

6.3.2 मुलाखत : ऐकण्याची पद्धती

कष्टकरी व मध्यमवर्गीय स्त्रियांच्या मुलाखतींचे त्यांचे पुस्तक 1984 मध्ये फ्रेंच भाषेत प्रकाशित झाले. ठरावीक प्रश्नावली पुढे ठेवली, की संशोधकाला हवी तेवढीच उत्तरे मिळतात, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी स्त्रियांना त्यांच्या कलाने बोलू दिले. घरकाम करणारी किंवा कारखान्यात राबणारी स्त्री बोलू लागली, की वेतन, बाळंतपण, तलाक, घरभाडे आणि मुलांचे शिक्षण हे विषय पुढे येतात. पुरुष पोशिंदा आणि स्त्री आश्रित, ही कायद्याने गृहीत धरलेली रचना अनेक घरांत अस्तित्वातच नव्हती. तेथे घर स्त्रीच्या कमाईवर चालत होते.

या पद्धतीची एक अडचणही ध्यानात घ्यावी. बोलणे अरबीत झाले आणि पुस्तक फ्रेंचमध्ये आले. बोलीतील शब्द दुसऱ्या भाषेत नेताना, तसेच कोणता मजकूर ठेवायचा हे ठरविताना, संशोधकाचा हात त्यावरून फिरतोच.

6.3.3 परंपरेची चिकित्सा

स्त्रीच्या हाती सत्ता देणाऱ्या समाजाची भरभराट होत नाही, अशा आशयाचे एक वचन पैगंबरांच्या नावे सांगितले जाते. 1987 मधील ‘ल आरेम पोलितीक’ या ग्रंथात मेर्निसी यांनी त्याचा मागोवा घेतला. हे वचन सांगणारे अबू बक्रा यांना त्याची आठवण अनेक वर्षांनी, म्हणजे 656 च्या ‘उंटाच्या लढाई’त पैगंबरपत्नी आयेशा यांचा पक्ष पराभूत झाल्यानंतर झाली, याकडे त्यांनी लक्ष वेधले. वचन कोणी, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत सांगितले हे तपासण्याची रीत मुस्लिम विद्वानांच्या परंपरेतलीच आहे. मेर्निसी यांनी ती परंपरा बाजूला सारली नाही, तर तिचीच साधने वापरली.

बेनझीर भुट्टो 1988 मध्ये पाकिस्तानच्या पंतप्रधान झाल्यावर, मुस्लिम इतिहासात स्त्रीने कधी राज्य केलेच नाही, असा आक्षेप घेतला गेला. मेर्निसी यांनी त्याला इतिहासातून उत्तर दिले. विस्मृतीत गेलेल्या राण्यांवरील त्यांच्या ग्रंथात 1236 मध्ये दिल्लीच्या गादीवर आलेल्या रझिया सुलतानाही आहेत.

6.4 मूल्यमापन

मेर्निसी यांच्यावर दोन बाजूंनी टीका झाली. धर्मग्रंथांच्या चौकटीत राहून स्त्रीचे हक्क मागण्याची गरजच काय, असे काहींनी विचारले, तर परंपरेचा अर्थ लावण्याचा त्यांचा अधिकार इतरांना मान्य नव्हता. मोरोक्कोतील निरीक्षणांवरून सर्व मुस्लिम समाजांविषयी निष्कर्ष काढता येतील का, हा प्रश्नही रास्त आहे. मोरोक्को, इंडोनेशिया आणि भारत येथील मुस्लिमांचा धर्म एक असला, तरी भाषा, नातेव्यवस्था आणि अर्थव्यवहार वेगळे आहेत.

असे असले, तरी त्यांनी उभा केलेला प्रश्न टिकून राहिला. 2004 मध्ये मोरोक्कोत नवी कौटुंबिक संहिता आली. तिने विवाहाचे किमान वय मुलींसाठीही 18 केले, पत्नीच्या आज्ञापालनाची अट काढली आणि कुटुंबाची जबाबदारी पती-पत्नी दोघांवर सोपविली. हे श्रेय एका व्यक्तीचे नव्हे. त्यामागे स्त्री-संघटनांचा दीर्घ लढा होता. परंतु त्या लढ्याला शब्द आणि पुरावे पुरविणाऱ्यांत मेर्निसी यांचे स्थान महत्त्वाचे आहे. 2004 चाच इरॅस्मस पुरस्कार त्यांना अन्य दोघा विचारवंतांसमवेत मिळाला.

6.5 सारांश

एखाद्या समाजाचा धर्म जाणला म्हणजे तो समाज जाणला, असे होत नाही. धर्मवचन, कायदा आणि दैनंदिन जीवन हे तीन स्वतंत्र स्तर आहेत. त्यांतील अंतर मोजणे हे समाजशास्त्राचे काम होय. ते अंतर मोजताना ज्यांना कोणी विचारले नाही त्यांना विचारावे, हा मेर्निसी यांच्या कार्यातून मिळणारा धडा आहे.

6.6 स्वाध्याय

1. मेर्निसी यांच्या मते अवकाशाच्या विभागणीमागील कारण स्पष्ट करा.
2. प्रश्नावली आणि मुक्त मुलाखत यांची तुलना करा.
3. ‘परंपरेची साधने वापरून परंपरेची चिकित्सा’ हे विधान उदाहरणासह विशद करा.
4. उपक्रम : आपल्या कुटुंबातील किंवा शेजारातील एखाद्या ज्येष्ठ स्त्रीची, तिच्या संमतीने, मुलाखत घ्या. तिच्या दिवसाविषयी विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. तिचे शब्द तिच्याच बोलीत लिहून काढा. मुलाखतीपूर्वी आपण काय गृहीत धरले होते आणि त्यातील काय चुकीचे ठरले, याची नोंद शेवटी अवश्य करा.