प्रोसेसरच्या वेगाची मर्यादा कशी शोधावी?

घरावर स्लॅब घालण्याचे काम तुम्ही पाहिलेच असेल. गड्यांची रांग उभी असते. मुकादमाच्या प्रत्येक हाळीसरशी काँक्रीटचे घमेले एका हातातून दुसऱ्या हातात जाते. हाळी जलद झाली की काम लवकर उरकते. परंतु ती फारच जलद झाली, तर रांगेतील सर्वांत मंद गड्याच्या हातून घमेले निसटते. रांगेचा वेग चपळ गड्यावरून नव्हे, तर मंद गड्यावरून ठरतो.

संगणकाच्या प्रोसेसरचेही असेच आहे. त्यातील घड्याळ ठोके देते. दोन ठोक्यांच्या दरम्यान विजेच्या संकेताने ट्रान्झिस्टरांची ठराविक साखळी ओलांडून पुढच्या ठिकाणी पोहोचले पाहिजे. सर्वांत लांब साखळीला लागणारा वेळ हीच प्रोसेसरच्या वेगाची मर्यादा होय. कारखान्याने ठरविलेल्या वेगापेक्षा घड्याळ जलद चालविणे यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

मग कारखानाच तो जास्त वेग का देत नाही? एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपाही तंतोतंत सारख्या नसतात. उन्हाळा, विजेचे चढउतार आणि वर्षानुवर्षांचा वापर या साऱ्यांतून चिप तगली पाहिजे, म्हणून कारखाना वेग थोडा राखून सांगतो. शिवाय बाजारात स्वस्त मालाची मागणी मोठी असली, म्हणजे अधिक वेगाची चिपही कमी वेगाचा शिक्का घेऊन बाहेर पडते.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंटेल कंपनीने ऑगस्ट १९९८ मध्ये आणलेला सेलेरॉन ३००ए. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ३० कोटी ठोके. हा वेग एका गुणाकारातून येई : बोर्डावरील बसचा वेग ६६ मेगाहर्ट्‌झ आणि गुणक ४.५. गुणक कायमचा बांधलेला होता. यास्तव वेग वाढवावयाचा तर बसचाच वाढवावा लागे. बस १०० वर नेली की गुणाकार होई ४५०, आणि पुष्कळशा ३००ए चिपा या वेगाने सुखरूप चालत. इंटेलचा महागडा पेंटियम टू याच वेगाने चाले, परंतु त्याची कॅश वेगळ्या चिपांत असून निम्म्या वेगाची होती. सेलेरॉनची १२८ किलोबाइटांची कॅश प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर असल्याने ती पूर्ण वेगाने चाले.

आता पद्धती पाहू. प्रथम वहीत मूळ वेग, मूळ व्होल्टेज आणि खोलीचे तापमान टिपावे. महत्त्वाच्या सर्व फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. पंख्यावरील धूळ झाडावी. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वेग व व्होल्टेज एकदम वाढविले, तर कोणत्या कारणाने काय घडले हे कधीच कळणार नाही.

सेलेरॉनच्या बोर्डांवर बसच्या पायऱ्या ६६, ७५, ८३, १०० अशा असत. येथे एक गंमत आहे. ८३ ही पायरी १०० पेक्षा सौम्य वाटते, पण प्रत्यक्षात अधिक धोक्याची! पीसीआय कार्डांचा मार्ग ३३ मेगाहर्ट्‌झसाठी बनविलेला असतो. बस ६६ असता तो तिच्या निम्म्याने चाले आणि १०० असता तिसऱ्या हिश्शाने. दोन्ही वेळा ३३ च. परंतु ८३ वर निम्मे म्हणजे ४१.५. हार्ड डिस्कची माहिती ह्याच मार्गाशी निगडित असल्याने ती बिघडण्याचे भय असे. दोष प्रोसेसरचा नसून भोवतालच्या भागांचा असू शकतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

एखाद्या पायरीवर यंत्र अडले, तर व्होल्टेज किंचित वाढविता येते. त्याने ट्रान्झिस्टर चपळ होतात. पण त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रोसेसरला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेग आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. वेग ३०० वरून ४५० केला, तर दीडपट, व्होल्टेज २.० वरून २.२ केले, तर १.२१ पट. एकूण १.८ पटीहून अधिक! उष्णतेने ट्रान्झिस्टर पुन्हा मंदावतात आणि जादा व्होल्टेजने चिपचे आयुष्य घटते.

यंत्र सुरू झाले म्हणजे मर्यादा सापडली, असे मात्र समजू नये. बंद पडणारे यंत्र निदान प्रामाणिक असते. खरे भय चालू राहून चुकीचे उत्तर देणाऱ्या यंत्राचे. एखादा आकडा मुकाट्याने बदलतो, फाइल बिघडते, आणि महिनोन् महिने ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे गणित यंत्राकडून तासन् तास करवून घेऊन ते ताडून पाहतात. प्राइम९५ हा प्रोग्राम असेच करतो. मेमरीसाठी मेम्टेस्ट८६ आहे. दिवसभरात एक जरी चूक निघाली, तरी ती पायरी नापास. एक पायरी खाली येऊन पुन्हा परीक्षा घ्यावी.

ऋतूही विसरू नये. पौषातल्या थंडीत सापडलेली मर्यादा ग्वाल्हेरच्या वैशाखात टिकेलच असे नाही. खोली वीस अंशांनी तापली, तर चिपही जवळजवळ तितकीच अधिक तापते. यास्तव खरी परीक्षा उन्हाळ्यातील दुपारची.

हा प्रयोग जुन्या, स्वतःच्या आणि वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने घेतलेल्या यंत्रावरच करावा. ज्यावर दुकानाचे हिशेब किंवा घरची एकुलती एक छायाचित्रे आहेत, त्याला हात लावू नये. वीजपुरवठ्याची पेटी तर कधीही उघडू नये.

शेवटी वहीकडे वळा. तीत यशाच्या एका ओळीभोवती अपयशाच्या दहा ओळी असतील. त्या खोडू नका. ४५० वर यंत्र चालले ही बातमी झाली. ते कोठे, कशामुळे आणि किती वेळाने चुकले, हे ज्ञान झाले.