ओल न धरणारे खुराडे : चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत साहित्याची निवड कशी करावी

चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत धानशेतीच्या जोडीला घरोघरी कोंबड्या पाळल्या जातात. गावठी कोंबडी असो, की गिरिराज, वनराज यांसारखी सुधारित जात असो, अडीनडीला हाताशी येणारा पैसा म्हणून या धंद्याचे मोल मोठे आहे. परंतु पक्ष्यांच्या निवाऱ्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. मिळेल त्या फळ्या, जुने बांबू व पोत्यांची तरटे यांचे खुराडे घराच्या मागील भिंतीला लागून जमिनीवरच उभे केले जाते, आणि दोन पावसाळ्यांतच ते खालून कुजू लागते.

या भागात वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. एवढ्या दिवसांत लाकडाला वाळण्यास उसंत मिळत नाही. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण शेकडा वीसच्या खाली असेपर्यंत कुजविणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. म्हणून लाकूड भिजते किती, यापेक्षा भिजल्यावर ते किती लवकर वाळते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

ओलीमुळे होणारे नुकसान

खुराड्यातील ओलीमुळे होणारे नुकसान तीन प्रकारचे असते. पहिले, सामान कुजते व त्यास वाळवी लागते. दुसरे, पक्षी आजारी पडतात. रक्ती हगवण हा रोग ज्या परजीवीमुळे होतो, त्याची विष्ठेतून बाहेर पडलेली बीजे ओलसर व उबदार जागी एक-दोन दिवसांतच रोग पसरविण्यायोग्य होतात. कोरड्या जागेत त्यांची वाढ खुंटते. शिवाय ओल्या विष्ठेतून निघणाऱ्या उग्र वायूने पक्ष्यांचे डोळे व श्वासनलिका बिघडतात.

तिसरे नुकसान माणसाच्या जिवाशी संबंधित आहे. कुजलेल्या तळाखाली उंदीर बिळे करतात व ओलीला बेडूक येतात. त्यांच्यामागे नाग, मण्यार व घोणस हे विषारी साप येतात. सायंकाळी खुराडे लावण्यासाठी व सकाळी अंडी काढण्यासाठी अंधाऱ्या आडोशात हात घालणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री अथवा मूल असते. सन २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली. या कामात कोरड्या, उंच व तळ मोकळा असलेल्या खुराड्याचाही वाटा आहे.

निवडीचे मुख्य तत्त्व

सगळे खुराडे भारी लाकडाचे करण्याची आवश्यकता नाही. जो भाग पाण्याच्या जितका जवळ, त्याचे साहित्य तितके चिवट असावे. जमिनीपासून पहिल्या दोन फुटांवर पैसा खर्च करावा व वरच्या भागात हाताशी असलेले साधे साहित्य वापरावे. कोणतेही लाकूड प्रथम कुजते ते जमिनीच्या सपाटीशी, कारण तेथे ओल व हवा दोन्ही सतत मिळतात.

पाये

लाकडाचा वा बांबूचा खांब जमिनीत पुरू नये. त्याऐवजी दगडी चिऱ्यावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर तो उभा करावा. रिकाम्या तेलाच्या डब्यात एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी या प्रमाणात काँक्रीट भरल्यास असा ठोकळा घरच्या घरी तयार होतो. काँक्रीट ओले असतानाच त्यात लोखंडी पट्टी रोवावी व खांब त्या पट्टीस बोल्टने असा जखडावा, की खांबाचे टोक ठोकळ्यापासून अर्धा इंच वर राहील. या फटीतून वारा खेळतो व टोक वाळते. ठोकळ्याचा माथा जमिनीपासून निदान नऊ इंच उंच ठेवावा. त्यामुळे वाळवीची मातीची नळी चढू लागल्यास ती लगेच नजरेस पडते.

विटांचे पाये करावयाचे झाल्यास वीट पारखून घ्यावी. कोरडी वीट तोलून चोवीस तास पाण्यात बुडवावी व पुन्हा तोलावी. वजन एक-पंचमांशाहून अधिक वाढल्यास ती वीट पायाच्या कामास घेऊ नये. अशी वीट जमिनीतील पाणी वातीप्रमाणे वर ओढते. विटांच्या माथ्यावर जाड प्लास्टिक कापड अंथरून मगच लाकडी चौकट ठेवावी.

लाकूड

साग, बीजा, खैर व रोहन यांचे गाभ्याचे लाकूड ओलीत व वाळवीत पुष्कळ टिकते. याउलट सावर, सालई व मोवई यांचे लाकूड नरम असून लवकर कुजते. ते खालच्या भागात मुळीच वापरू नये.

सागाविषयी एक गैरसमज आढळतो. सागाचा टिकाऊपणा त्याच्या तपकिरी गाभ्यात असतो, बाहेरील पांढऱ्या लाकडात नसतो. विरळणीतून निघालेल्या बारीक बल्ल्यांत पांढरा भागच अधिक असतो. म्हणून अशी बल्ली नावाने साग असली, तरी ओलीत टिकत नाही. खरेदी करताना कापलेले टोक पाहून गाभा किती आहे, ते तपासावे. लाकूड अधिकृत आगारातून घ्यावे, पावती व आवश्यक तेथे वाहतूक परवाना जपून ठेवावा. स्वतःच्या शेतातील सागदेखील परवानगीशिवाय तोडू नये.

बांबू

या जिल्ह्यांत बांबूसारखे स्वस्त व हलके साहित्य दुसरे नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला व २०११ पासून तेथील ग्रामसभा स्वतःच्या परवान्याने बांबू विकू लागली. खाजगी जमिनीवर वाढविलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आहे. बांबूकामाचे शिक्षण चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात मिळते.

बांबूचा दोष इतकाच, की त्यातील पिष्टामुळे त्यास भुंगा लवकर लागतो. तो टाळण्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

(१) तीन वर्षांहून जुना बांबू पावसाळा सरल्यावर तोडावा. कोवळा बांबू घेऊ नये.

(२) तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा व नंतर सावलीत उभा करून वाळवावा.

(३) शंभर लिटर पाण्यात अडीच किलो टाकणखार व अडीच किलो बोरिक आम्ल विरघळवून त्यात फोडलेल्या कामट्या निदान आठवडाभर बुडवाव्यात. हे द्रावण मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे आणि नाल्यात किंवा तळ्यात ओतू नये. या मीठांचा गुण पावसाच्या पाण्याने धुऊन जातो, म्हणून अशा कामट्या छपराखालीच वापराव्यात.

(४) उभ्या खांबाचे वरचे टोक पेऱ्याच्या गाठीलगत कापावे. तसे न केल्यास पोकळीत पाणी साचून बांबू आतून कुजतो.

तळ, भिंती व छप्पर

तळ जमिनीपासून अडीच ते तीन फूट उंच मचाणावर असावा. कामट्या अर्धा इंच अंतर ठेवून ठोकाव्यात, म्हणजे विष्ठा खाली पडते व वारा खेळतो. मचाणाखालची जागा रोज झाडावी. तेथे सरपण वा भंगार रचू नये. तळावर तूस पसरावयाचे असल्यास मूठभर तूस दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर तूस बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

भिंतींचा वरचा अर्धा भाग जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेच्या जाळीचा असावा. मोठ्या पक्ष्यांसाठी अर्धा इंची जाळी चालते. पिलांच्या कप्प्यास मात्र पाव इंची जाळी खाली-वर सर्व बाजूंनी लावावी, कारण अर्ध्या इंचातून लहान साप सहज शिरतो. प्लास्टिकची जाळी उंदीर कुरतडतात.

भुशाच्या दाबीव फळ्या ओलीने फुगतात, त्या टाळाव्यात. प्लायवुडवर ‘ओलावारोधक’ असा शिक्का असला, तरी ते पाण्यात टिकेल असे नाही. तो शिक्का घरातील दमट हवेपुरता असतो. उघड्यावर वापरण्यासाठी भारतीय मानक ७१० चे प्लायवुडच घ्यावे व त्याच्या कापलेल्या कडा रंगाने बंद कराव्यात. छपरास कवेलू किंवा गवताची शाकार योग्य. पत्रा घातल्यास उन्हाळ्यात त्यावर गवत टाकावे. वळचण भिंतीबाहेर दोन फूट काढावी.

जळके ऑइल किंवा डांबर लावावयाचे झाल्यास ते फक्त पायांच्या बाहेरील भागास लावावे. पक्षी जेथे बसतात व चोच मारतात, तेथे चुन्याचा हात पुरेसा आहे.

मृगापूर्वीची तपासणी

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक खांबाच्या बुंध्याशी खिळा हाताने दाबून पाहावा. तो पाव इंचाहून अधिक आत गेल्यास तो भाग तेव्हाच बदलावा. वाळवीच्या नळ्या खरवडाव्यात व जाळीची भोके बुजवावीत.

अंडी काढताना आधी विजेरीचा प्रकाश टाकावा, मगच हात घालावा. खुराड्यात साप आढळल्यास त्यास मारू अथवा पकडू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये सापांना संरक्षण आहे. वनकर्मचाऱ्यांस कळवावे. दंश झाल्यास रोग्यास हालचाल करू न देता, जखम न चिरता व घट्ट न आवळता, १०८ क्रमांकावर गाडी बोलावून तातडीने रुग्णालयात न्यावे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही व सुजतही नाही, म्हणून केवळ संशय असला तरी वाट पाहू नये.

मचाणाच्या मापांविषयी व सुधारित पक्ष्यांविषयी अधिक माहिती सिंदेवाही व सोनापूर (गडचिरोली) येथील कृषी विज्ञान केंद्रांत विचारावी.