आप्तांना दिलेला शब्द आणि आरोग्याचा नेम

स्थूलता ही आता केवळ शहरांतील सुखवस्तू घरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणाबाहेर होते. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांना ही स्थिती पोषक ठरते. घरातील कर्ता माणूस ऐन उमेदीत अंथरुणास खिळला, तर त्याची झळ साऱ्या कुटुंबास लागते. वजन उतरविले पाहिजे हे बहुतेकांना कळते. परंतु वळत नाही. निश्चय टिकत नाही, हीच खरी अडचण होय.

शब्दाचे बळ

स्वतःशी केलेला निश्चय मोडला, तर त्यास साक्षीदार नसतो. आई, पत्नी, पती वा लेकरू यांना दिलेला शब्द मात्र मोडताना मन कचरते. १८८८ साली विलायतेस निघण्यापूर्वी तरुण गांधीजींनी मातोश्री पुतळीबाईंना मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याचे वचन दिले होते. परदेशी मित्रांचा आग्रह झाला, प्रसंगी अर्धपोटी राहावे लागले. पण आईला दिलेल्या वचनाने त्यांना सावरले.

पुढे दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी असता गांधीजींनी त्यांना मीठ व डाळी सोडण्याचा आग्रह केला. ‘तुम्हांला सांगितले तर तुम्हांलाही हे जमणार नाही,’ अशा आशयाचे उत्तर येताच त्यांनी स्वतःच वर्षभर दोन्ही वर्ज्य करण्याचे व्रत घेतले. त्यांचा आहारप्रयोग आज अनुकरणीय नाही. डाळी तर आहारात हव्यातच. परंतु पथ्य सांगणाऱ्याने ते स्वतः पाळावे, हा त्यातील बोध मोलाचा आहे. पतीने तेल कमी करावयाचे आणि इतरांच्या पानात तळण वाढावयाचे, अशाने शब्द टिकत नाही.

धुळ्याच्या तुरुंगातील शिकवण

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सहाव्या अध्यायाच्या विवेचनात विनोबांनी चित्ताच्या एकाग्रतेबरोबर जीवनाच्या परिमिततेवर भर दिला आहे. अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही, असे गीता सांगते. वजन उतरविण्यासाठी एकदम उपाशी राहणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून उपवास करूच नये.

वचन कसे असावे?

‘दहा किलो उतरवीन’ असे वचन देऊ नये. वजनाचा काटा सर्वस्वी आपल्या हाती नसतो. आचरण मात्र हाती असते. ‘रोज अर्धा तास चालेन, तळलेला पदार्थ आठवड्यातून एकदाच खाईन, रात्री लवकर जेवेन,’ असा शब्द द्यावा. त्यास मुदत असावी. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात नेम धरण्याची रीत घरोघरी परिचित आहे. तीच येथे उपयोगी पडेल. एखादे दिवशी नेम चुकला, तर पुढच्या जेवणापासून तो पुन्हा सुरू करावा. घरच्यांनीही त्याचा टोमणा करू नये. वचन हा प्रेमाचा धागा आहे, पायातील बेडी नव्हे.

८० किलो वजनाच्या व्यक्तीचे चार किलो उतरले, तरी रक्तशर्करा व रक्तदाब यांत सुधारणा दिसू शकते. आठवड्यास अर्धा किलो ही गती पुरेशी आहे. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास सावध व्हावे.

खानदेशी ताट

यासाठी खानदेशी जेवण सोडण्याचे कारण नाही. ज्वारी व उडीद यांच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत हा उत्तम आहार आहे; भरितावरील तेल तेवढे आवरावे. शेवभाजीचा तवंग, आखाजीचा आमरस व खापरावरचे मांडे सणाला जरूर असावेत, नित्याचे नसावेत. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणून सूर्योदयापूर्वी चालावे.

गावाचा वाटा

पंचायतीने चालण्यासाठी सुरक्षित व उजेडाचा रस्ता ठेवावा. ३० वर्षांवरील ग्रामस्थांनी आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब व मधुमेहाची तपासणी करून घ्यावी, यासाठी सदस्यांनी आशाताईंना साहाय्य करावे. शिक्षकांनी पालकसभेत हा विषय मांडावा. मात्र कोणा विद्यार्थ्याच्या शरीराची चेष्टा होऊ देऊ नये. अधिकाऱ्यांनी बैठकीतील भजी-वड्यांऐवजी जळगावची केळी वा भाजलेले शेंगदाणे बेताने ठेवले, तरी आरंभ होईल. ज्यांच्यासाठी आपण राबतो, त्यांना आपण दीर्घकाळ निरोगी हवे असतो. त्यांना दिलेला लहानसा शब्द रोज पाळणे, हे त्या प्रेमाचे ऋण फेडण्यासारखेच आहे.