दोन दोऱ्यांवरचे विमान

आकाशात विमानाचा आवाज आला की आपण मान वर करतो. लहान मूल तर धावतच अंगणात येते. एवढे जड यंत्र वर राहते तरी कसे, हा प्रश्न सर्वांनाच पडतो. मोठ्या विमानाजवळ जाऊन ते न्याहाळणे आपल्याला जमत नाही. पण हातभर लांबीचे विमान घरी करता येते. ते दोऱ्यांवर उडवताही येते. ते करता करता मोठे विमान कसे उडते, हेही समजते.

कोणी म्हणेल, हा तर पोरखेळ झाला. तसे नाही. आपल्या देशात राष्ट्रीय छात्रसेना आहे. तिला आपण एन.सी.सी. म्हणतो. तिच्या हवाई विभागातील मुलामुलींना अशी छोटी विमाने करायला आणि उडवायला शिकवतात. ते शिक्षणच आहे. उद्या आपलाही मुलगा किंवा मुलगी असे विमान घरी आणील. तेव्हा आपल्याला त्यातले चार शब्द कळले पाहिजेत. धोका कुठे आहे हे तर आधी कळले पाहिजे.

कासरा आणि गोफण

खळ्यावर मळणी कशी होते ते आठवा. मधोमध तिवडा रोवलेला असतो. बैल त्याच्याभोवती गोल फिरतात. दोऱ्यांवरचे विमानही असेच फिरते. इथे तिवडा म्हणजे उडवणारा माणूस. तो मैदानाच्या मधोमध उभा राहतो. त्याच्या हातात एक मूठ असते. मुठीपासून विमानापर्यंत दोन दोऱ्या जातात. बैलाला जसा कासरा, तशा विमानाला या दोन दोऱ्या.

आता गोफण आठवा. पाखरे हाकलताना आपण गोफण गरगर फिरवतो. आतला धोंडा बाहेर जायला बघतो. त्यामुळे गोफणीची दोरी ताठ राहते. फिरवणे मंद केले की दोरी सैल पडते. विमानाचेही तसेच आहे. ते वेगाने फिरते म्हणून दोऱ्या ताणलेल्या राहतात. दोऱ्या ताणलेल्या आहेत तोवर विमान आपल्या ताब्यात. दोऱ्या सैल पडल्या की ताबा सुटला. या खेळातली मुख्य गोष्ट हीच.

थोडा हिशेब करून पाहू. विमान १५० ग्रॅम वजनाचे आहे. दोऱ्या १० मीटर लांब आहेत. म्हणजे एक फेरी सुमारे ६३ मीटरची झाली. ही फेरी विमान चार सेकंदांहून थोड्या अधिक वेळात पुरी करते. त्याचा वेग ताशी सुमारे ५४ किलोमीटर झाला. त्या वेगात ते हाताला सुमारे ३५० ग्रॅम वजनाएवढे ओढते. वेग निम्मा झाला तर ओढ निम्मी होत नाही. ती चौथाईवर येते. ३५० ग्रॅमची ओढ ९० ग्रॅमच्याही खाली जाते. मग दोऱ्या सैल पडायला वेळ लागत नाही.

दोऱ्या काय काम करतात?

या विमानाला फक्त वर किंवा खाली जायचे असते. डावीउजवीकडे पळून जायला दोऱ्या त्याला देत नाहीत.

विमानाच्या मध्यावर एक तिकोनी पट्टी एका खिळ्यावर फिरती बसवलेली असते. तिला आपण तिकोन म्हणू. तिकोनाच्या दोन टोकांना दोन दोऱ्या बांधतात. तिसऱ्या टोकाला एक बारीक पोलादी सळी अडकवतात. ही सळी मागे शेपटीपर्यंत जाते. शेपटीला एक हलती झडप असते. सळीचे दुसरे टोक त्या झडपेला जोडतात.

आता काय होते ते बघा. मुठीचे वरचे टोक आपण आपल्याकडे झुकवतो. वरची दोरी ओढली जाते. तिकोन फिरतो. सळी सरकते. झडप वर उचलते. वाऱ्याचा झोत झडपेवर आदळतो आणि शेपूट खाली दाबतो. शेपूट खाली गेले की नाक वर येते. विमान वर चढते. मुठीचे खालचे टोक आपल्याकडे झुकवले की उलटे होते. झडप खाली येते आणि विमान उतरते.

मोठ्या विमानाच्या शेपटीलाही अशीच झडप असते. म्हणजे छोटे विमान समजले की मोठ्याचा एक भाग समजलाच.

हे कोणी शोधले?

अमेरिकेत राइट आडनावाचे दोन भाऊ होते. विल्बर आणि ऑर्व्हिल ही त्यांची नावे. त्यांचे सायकलींचे दुकान होते. दोघांनाही हायस्कूलचा दाखला मिळालेला नव्हता. पण ते वाचत असत, मोजत असत आणि हाताने करून बघत असत. १८९९ साली त्यांनी पाच फूट रुंदीचा एक दुमजली पतंग केला. त्याला चार दोऱ्या होत्या. विल्बरच्या दोन्ही हातांत दोन काठ्या होत्या. दोऱ्या त्या काठ्यांना बांधलेल्या होत्या. काठ्या हलवून तो पतंगाचे पंख पिळत असे. पुढे १९०३ साली १७ डिसेंबरला या भावांनी माणूस बसलेले विमान उडवले. पहिले उड्डाण फक्त १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. त्याची तयारी दोऱ्यांवरच्या पतंगापासून झाली.

पुढे अमेरिकेच्या ओरेगन राज्यात जिम वॉकर नावाचा माणूस होता. त्याने १९४० च्या सुमारास दोन दोऱ्यांवरचे छोटे विमान विकायला काढले. १९४२ साली त्याने या युक्तीचा सरकारी हक्कही घेतला. पण त्याच राज्यात ओबा सेंट क्लेअर याने त्याच्या आधीच दोऱ्यांनी ताब्यात राहणारे विमान उडवले होते. ही गोष्ट पुढे कोर्टात आली. १९५५ साली वॉकरचा हक्क रद्द ठरला. तेव्हापासून ही युक्ती सर्वांना मोकळी झाली.

विमान कसे करतात?

यासाठी बाल्सा नावाचे लाकूड वापरतात. ते दक्षिण अमेरिकेकडचे झाड आहे. त्याचे लाकूड फार हलके असते. आपल्याकडे पांगाऱ्याचे लाकूड हलके म्हणून ओळखले जाते. सावंतवाडीचे कारागीर त्याची खेळणी करत आले आहेत. पण बाल्सा त्याहून हलके. छोट्या विमानांचे सामान विकणाऱ्या दुकानात त्याच्या पातळ फळ्या मिळतात.

मापे अशी घ्यावीत :

अंग : लांबी ४० सें.मी., जाडी ९ मि.मी.
पंख : लांबी ४५ सें.मी., रुंदी १० सें.मी., जाडी ६ मि.मी.
शेपटीची फळी : लांबी १८ सें.मी., रुंदी ५ सें.मी., जाडी ३ मि.मी.
हलती झडप : लांबी १८ सें.मी., रुंदी ३ सें.मी., जाडी ३ मि.मी.

पंखाची पुढची कड गोल घासावी. मागची कड पातळ करावी. पंख अंगाला काटकोनात बसला पाहिजे. गुण्या लावून बघावे. सुताराला दारे-खिडक्या करताना जी काळजी लागते, तीच इथे लागते. झडप शेपटीला सुती कापडाच्या लहान पट्ट्यांनी चिकटवावी. ती बिजागरीसारखी सहज हलली पाहिजे. गोंद बिजागरीत शिरू देऊ नये. सळी सायकलच्या चाकाच्या तारेपेक्षा थोडी बारीक असावी.

विमानाच्या नाकावर इंजिन बसते. त्याला फिरकी जोडलेली असते. अशा विमानाचे इंजिन अंगठ्याएवढे असते. हल्ली तेलाच्या इंजिनाऐवजी बॅटरीवरची मोटारही वापरतात. तिचा आवाज आणि घाण कमी. शिकणाऱ्याला ती बरी.

आता तोल. ही पायरी गाळू नये. पंखाच्या पुढच्या कडेपासून २ ते २.५ सें.मी. मागे दोन्ही बाजूंना बोटे टेकवा आणि विमान उचला. ते आडवे राहिले पाहिजे. नाक किंचित खाली गेले तर चालेल. शेपूट खाली जात असेल तर उडवू नका. नाकाकडे वजन वाढवा. शेपटीकडे जड असलेले विमान हाताला ऐकत नाही.

विमान डावा पंख आत ठेवून फिरते. दोऱ्यांचे वजन त्या पंखावर पडते. म्हणून बाहेरच्या, म्हणजे उजव्या पंखाच्या टोकाला एका नाण्याएवढे वजन चिकटवतात. शेपटीवरचे उभे पान थोडे उजवीकडे वळवतात. मग विमान सतत बाहेर जायला बघते आणि दोऱ्या ताठ राहतात.

उडवण्यापूर्वी

आम्ही शाळेत मुलांना नेहमी सांगत असू, "आधी ओढून बघा, मग सोडून बघा." एकाने विमान घट्ट धरावे. दुसऱ्याने मुठीकडून ओढावे. विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ दोऱ्यांनी आणि गाठींनी सोसली पाहिजे. १५० ग्रॅमच्या विमानाला दीड किलोची ओढ द्यावी. गाठ सुटायची असेल तर ती इथेच सुटू दे. हवेत सुटली तर विमान सरळ माणसांत जाईल.

मग मूठ वर-खाली झुकवून झडप बघावी. वरची दोरी ओढल्यावर झडप वरच उचलली पाहिजे. दोऱ्या उलट्या लागल्या असतील तर विमान वर जाण्याऐवजी जमिनीवर आपटेल.

जोराचा वारा असेल त्या दिवशी उडवू नये. मंद वारा असेल तर विमानाच्या शेपटीकडून वारा येईल अशा जागेवरून ते सोडावे. पाव फेरी झाली की ते अशा बाजूला पोहोचते, जिथे वारा त्याला आपल्यापासून दूर ढकलतो. दोऱ्या आपोआप ताणतात.

पहिल्या वेळी टाकीत अर्धेच तेल घालावे. विमान खांद्याच्या उंचीवर सरळ फिरू द्यावे. मनगट फार हलवू नये. सगळा हात ताठ ठेवून खांद्यापासून थोडाच वर-खाली करावा. नजर विमानावर ठेवावी. जमिनीकडे पाहिले तर चक्कर येते. इंजिन थांबले की घाबरू नये. दोऱ्या सैल पडतात असे वाटले तर मागे पाऊल टाकावे. त्या पुन्हा ताणतात आणि विमान हळूच उतरते.

जिवाचा धोका कुठे आहे?

पहिला धोका विजेच्या तारांचा. आपल्या शेतांवरून विजेच्या तारा जातात. विमानाच्या दोऱ्या बहुधा पोलादी तारांच्याच असतात. ती तार विजेच्या तारेला लागली तर मूठ धरणारा माणूस जागच्या जागी मरू शकतो. ओल्या सुती दोरीतूनही वीज येते. म्हणून जवळपास विजेची तार असेल तर ते मैदान सोडून द्यावे. "तार उंच आहे, लागणार नाही," असे म्हणू नये. विमान तारेत अडकले तर ते काढायला काठी घेऊन जाऊ नये. वीज कंपनीच्या माणसाला बोलवावे. ढग गडगडत असतील तर उडवणे लगेच बंद करावे.

दुसरा धोका तेलाचा. या इंजिनाच्या तेलात बहुधा मिथेनॉल आणि एरंडेल असते. मिथेनॉल म्हणजे विष. त्याचा वास दारूसारखा येतो. ते थोडे पोटात गेले तरी डोळे जातात. जीवही जातो. त्याला लागलेली आग दिवसा धड दिसतही नाही. म्हणून ते मूळ डब्यातच ठेवावे. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधी ओतू नये. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. मंडळी, आता आपल्याला वाचता येते. डब्यावरचा "विष" हा शब्द घरात कोणी वाचला नाही तर त्याची किंमत लेकराला मोजावी लागेल.

तिसरा धोका फिरकीचा. फिरणारी फिरकी दिसत नाही, पण ती बोट कापते. इंजिन सुरू करताना उघडे बोट लावू नये. फिरकीच्या समोर किंवा बाजूला तोंड नेऊ नये. दोऱ्या १० मीटर असतील तर बघणाऱ्यांनी मधल्या माणसापासून निदान २० मीटर दूर उभे राहावे.

लक्षात ठेवा

दोरी ताठ, तर विमान हातात.
आधी मोजा, मग कापा.
आधी ओढून बघा, मग सोडा.
विजेच्या तारेजवळ विमान नाही.
डब्यावरचा शब्द वाचल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

प्रश्न

१. खळ्यावरचा तिवडा आणि विमान उडवणारा माणूस यांत सारखे काय आहे?
२. वेग निम्मा झाला की दोऱ्यांची ओढ किती राहते?
३. झडप वर उचलली की विमान वर का जाते?
४. २०० ग्रॅमच्या विमानाच्या दोऱ्या किती किलोच्या ओढीने तपासाव्यात?
५. आपल्या गावात विजेच्या तारांपासून दूर असे मोकळे मैदान कोणते? त्याचे नाव वहीत लिहा.
६. आपल्या घरातील एक डबा घ्या. त्यावर काय लिहिले आहे ते घरच्यांना वाचून दाखवा.