निसर्गदेवतांचे आविष्करण आणि चेतनगुणोक्तीची मर्यादा

ऋग्वेदातील पर्जन्य, वात, उषा यांच्या सूक्तांचा परिचय करून देताना तेथील देवतावर्णन पुष्कळदा 'चेतनगुणोक्ती' या अलंकारात जमा केले जाते. ही मांडणी सोयीची असली तरी मूळ अनुभवाला न्याय देणारी नाही. चेतनगुणोक्तीत दोन पायऱ्या गृहीत असतात : वस्तू प्रथम अचेतन म्हणून जाणली जाते आणि नंतर कवी तिच्यावर चैतन्याचा आरोप करतो. या सूक्तांत अशा दोन पायऱ्या आढळतात काय, हा खरा प्रश्न आहे.

पाचव्या मंडलातील त्र्याऐंशीवे सूक्त या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. दहा ऋचांच्या या पर्जन्यसूक्तात मेघगर्जनेने वृक्ष कोसळतात, निरपराध मनुष्यही भयाने पळतो आणि त्याच वर्षावाने वनस्पतींना अंकुर फुटतात. चाबकाने घोडे हाकणाऱ्या सारथ्याशी पर्जन्याची तुलना करताना ऋषी 'इव' हा साम्यवाचक शब्द योजतो. म्हणजे उपमा कोठे आहे, हे त्याला नेमके ठाऊक आहे. मात्र पर्जन्याला देव म्हणून आवाहन करताना 'इव' येत नाही. सूक्ताच्या अखेरीस तर पुरेशी वृष्टी झाली, आता आवर, अशी विनवणी आहे. जो ऐकू शकतो त्यालाच विनवता येते. अलंकाराला कोणी विनवीत नाही.

देवत्व म्हणजे मानवी रूप, हे समीकरणही येथे टिकत नाही. दहाव्या मंडलातील वातसूक्तात (१०.१६८) वाताचा घोष ऐकू येतो, रूप मात्र दिसत नाही, असे म्हटले आहे, तरीही त्याला हवी अर्पण करण्याचा संकल्प आहे. येथे अरूपता ही देवत्वाची उणीव ठरत नाही. हा प्रश्न प्राचीनांनाही पडला होता. 'निरुक्ता'च्या सातव्या अध्यायात यास्काने देवता पुरुषविध, अपुरुषविध की उभयविध, याची चर्चा केली आहे. अग्नी, वायू, आदित्य यांचे जे प्रत्यक्ष दिसते ते मनुष्याकृती नाही, हा अपुरुषविध पक्षाचा आधार त्याने नोंदविला आहे.

या सूक्तांतही उपमा-रूपके विपुल आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अलंकार देवतेच्या वर्णनात आहेत. देवता स्वतः अलंकार नव्हे. वृष्टी आणि देव यांना येथे एकच नाव पुरते. आजच्या मराठीत 'पर्जन्य' हा शब्द 'पर्जन्यमाना'त उरला आहे. त्यातील देव निघून गेला आहे. ही फारकत झाल्यानंतरच्या कवीने पावसाला बोलते केले, तर ती चेतनगुणोक्ती होय. फारकतीपूर्वीच्या सूक्ताला तीच संज्ञा लावणे म्हणजे आपला वियोग ऋषीच्या माथी मारणे होय. अध्यापनात हा भेद राखला, तर वैदिक सूक्त आणि आधुनिक निसर्गकविता या दोहोंचेही वाचन अधिक सजग होईल.